पान न झडणाऱ्या जंगलाची तयारी

पोळा होऊन गेला, की आमच्याकडचं आभाळ एखाद्या सकाळी एकदम वर जातं. आठ-आठ दिवस छपरांना टेकून बसलेले ढग विरळ होतात. काळ्या रानातून वाफ निघते, पऱ्हाटीला पिवळी फुलं दिसू लागतात, आणि झडीत घराघरांत कोंडलेली माणसं बोथच्या रस्त्यावर उगीचच फिरायला निघतात. या दिवसांत मला घरात करमत नाही. नोकरी संपून वर्षं झाली, कुठं जायचं नाही, कुणाची वाट पाहायची नाही. तरी वाटतं, काहीतरी बांधायचं राहिलंय, कुठंतरी निघायचंय आणि अजून काही पक्कं झालेलं नाही.

ही हुरहूर एकाच वर्षी अंगात भरली आणि मग गेली नाही. आमचा आदिलाबाद जिल्हा तेव्हा आंध्र प्रदेशात होता. मी बोथच्या मंडल कार्यालयात, म्हणजे तहसिलीत, कारकून होतो. आणि माझी बायको वंदना एका वर्षावनात जायची तयारी करत होती.

वंदना मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवायची. सातवीच्या पुस्तकात वर्षावनावर दीड पान होतं. सोबत एक चित्र होतं, छपाईत इतकं काळं झालेलं की झाड कोणतं आणि अंधार कोणता ते कळू नये. अकरा वर्षं ती हे दीड पान शिकवत आली होती. त्या जूनमध्ये मागच्या बाकावरच्या एका मुलीनं तिला विचारलं, "मॅडम, तुमी पाह्यलं का हे जंगल?"

"नाई."

"मंग खरं हाय म्हणून तुमाले कसं मालूम?"

वर्ग हसला. संध्याकाळी वंदनानं हे घरी सांगितलं तेव्हा मीही हसलो. ती हसली नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, "पोट्टी बरोबर बोलली."

पुढच्याच महिन्यात शाळेत एक परिपत्रक आलं. दसऱ्याच्या सुट्टीत विज्ञानाच्या शिक्षकांसाठी निसर्ग शिबिर होतं, कर्नाटकात आगुंबेच्या बाजूला, सह्याद्रीच्या सदाहरित जंगलात. जिल्ह्यातून दोघाचौघांनाच जागा होती. वंदनानं दरखास्त लिहिली. कार्यालयाची तेलुगू तिला कच्ची वाटायची, म्हणून ती मीच नीट करून दिली. चांगल्या अक्षरात, दोन प्रतींत. तेव्हा मला मोठं मन दाखवल्यासारखं वाटलं होतं. खरं कारण वेगळं होतं. हिची निवड होणार नाही, याची मला खात्री होती.

निवड झाली.

श्रावणातल्या एका शुक्रवारी जिल्ह्याहून टपालाचं बंडल आलं. शाळांची पत्रंही त्यातच असत. आमच्या शिपायानं एक लांब पाकीट माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, "मॅडमचं हाय. तुमीच घेऊन जा." मी ते उघडलं. वंदनाचं नाव होतं. संमती आठ दिवसांच्या आत कळवावी, नाहीतर दुसरं नाव घेतलं जाईल, असं खाली लिहिलं होतं. मी पाकीट पुन्हा बंद केलं आणि जमिनीच्या पहाणीच्या जुन्या फायलींच्या खाली, खणात ठेवलं.

का ठेवलं, हे आजही मला एका वाक्यात सांगता येत नाही. मी बायकोला मारणारा, तिला कोंडून ठेवणारा नवरा नव्हतो. माझ्या बापानं दुसऱ्यांच्या शेतात मजुरी करून मला शिकवलं, आणि शिकलेली बायको मी हट्टानं केली. लोकांत तसं सांगायचोही. पण मी स्वतः हैद्राबाद आणि नागपूर यांच्या पलीकडे कधी गेलो नव्हतो. मला न दिसलेलं काहीतरी ती पाहून येईल, आणि मग आमच्या जेवणाच्या पाटावर ते आमच्या दोघांच्या मध्ये बसेल, असं काहीतरी मला वाटलं असावं. लोक काय म्हणतील, पोरीचं कोण करेल, ही कारणं मी नंतर शोधली. तीही खरी होती, पण ती पहिली नव्हती.

सोमवारी सकाळी मी दूध आणायला गेलो. येताना तळ्याच्या पाळीवर वंदना दिसली. पाठीवर पोरीचं दप्तर, आणि त्यात काहीतरी जड. ती पाळीच्या दगडी पायऱ्या चढत होती, उतरत होती, पुन्हा चढत होती. साडीचा पदर कमरेला खोचलेला. आमची मुलगी मैत्री, तेव्हा नऊ वर्षांची, वर बसून मोजत होती.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"दप्तरात ज्वारी हाय, पाच किलो," मैत्री म्हणाली. "आई डोंगर चढून राह्यली."

वंदना धापा टाकत थांबली. "शिबिराच्या कागदात लिवलं होतं ना, रोज चढावर चालाव लागते म्हणून."

"पण पत्र कुठं आलंय अजून?" हे मी म्हणालो. माझ्याच तोंडानं.

"आलं तं तयारी पायजे. नाई आलं तं पाय तरी घट्ट होतीन." ती हसली आणि पुन्हा खाली उतरू लागली.

त्या दिवशी मी कार्यालयात तीनदा खण उघडला. मंगळवारीही उघडला. बुधवारी नेमका साहेबांचा दौरा निघाला, मला सोबत जावं लागलं, आणि खेड्यातल्या चावडीत बसून मी लोकांच्या जमिनीचे उतारे वाचत असताना मनात सारखं चाललं होतं, अजून दोन दिवस आहेत, अजून दोन दिवस. परत आल्यावर पत्र पुन्हा नीट वाचलं तेव्हा कळलं की आठ दिवस पत्राच्या तारखेपासून धरले होते, पोचल्यापासून नाही. मुदत त्याच दिवशी संपत होती, आणि तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते.

गुरुवारी मधल्या सुट्टीत मी शाळेत गेलो. वंदना विज्ञानाच्या खोलीत काचेच्या नळ्या धुऊन पालथ्या ठेवत होती. मी पाकीट पुढे केलं.

तिनं हात पुसले. पाकिटावरचा शिक्का पाहिला. "कवा आलं?"

"शुक्रवारी."

"आज गुरुवार."

"हो."

तिनं पत्र बाहेर काढलं आणि माझ्याकडेच परत दिलं. "वाचा. मोठ्यानं वाचा."

मी वाचलं. तेलुगूत वाचायचो आणि मराठीत सांगायचो, रोज दहा जणांना सांगतो तसं. आपली निवड झाल्याचं कळवण्यास आनंद वाटतो, हेही सांगितलं. पुढं वाचलं. मुदतीपर्यंत आलो.

"म्हणजे काल संपली."

"काल."

घंटा झाली. पोरं धावत वर्गाकडे निघाली. मला वाटलं ती रडेल, ओरडेल, एखादी नळी फोडेल. ती म्हणाली, "मले तास हाय." दारापर्यंत गेली आणि वळली. "तुमाले भेव कायचं होतं? जंगलाचं का माह्यं?"

मी पत्राची घडी घालू लागलो.

"उत्तर लिवा. तेलगूतच लिवा. अन् आजच नेऊन द्या. डाकेनं नाई, हातानं."

मी तिथंच, तिच्या टेबलावर बसून उत्तर लिहिलं. भिंतीपलीकडून तिचा आवाज ऐकू येत होता. बर्फ वितळताना त्याचं तापमान वाढत नाही, असं ती पोरांना समजावत होती. आवाज रोजचाच होता. म्हणून मला जास्त लागलं.

त्या दिवशी आदिलाबादला जाताना नाल्याच्या पुलावरून पाणी चाललं होतं. बस अलीकडेच थांबली. दोन तास आम्ही तीसेक माणसं गढूळ पाण्याकडे पाहत उभी होतो. ओसरलं तेव्हा ड्रायव्हरनं गाडी घातली. मी जिल्ह्याच्या कार्यालयात पोचलो तेव्हा पाचला थोडा अवकाश होता. पँट गुडघ्यापर्यंत ओली. टेबलामागं एक वयस्कर कारकून बसले होते. त्यांनी कागद पाहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "निन्नने लिस्टु पोयिंदि." यादी कालच गेली.

बारा वर्षं मी टेबलाच्या त्या बाजूला बसून लोकांना हेच सांगत आलो होतो. काल यायला पाहिजे होतं, उद्या या, साहेब नाहीत. या बाजूला उभं राहिलं की ते शब्द कसे ऐकू येतात ते मला माहीत नव्हतं. मी तसाच उभा राहिलो. त्यांनी वर पाहिलं. मग मी हिंदीत म्हणालो, "साब, चिठ्ठी मेरी घरवाली की है. मैंने दबाके रखी थी. उसकी कुछ गलती नहीं."

त्यांनी चष्मा काढला. "काहे को?"

"डर गया था."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. मग यादीची स्थळप्रत काढली आणि सगळ्यात खाली पेन्सिलीनं वंदनाचं नाव लिहिलं. "कोई नहीं गया, तो देखेंगे. वादा नहीं करता."

रात्रीच्या जेवणाआधी मी घरी पोचलो आणि सगळं सांगितलं. मायसमोर सांगितलं, पत्र दडवल्याचंही सांगितलं. माय, म्हणजे माझी आई, तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "पेन्सिलीनं लिवलंय," मी पुन्हा म्हणालो.

"पेन्सिलीनं का होईना, हाय ना?" वंदना म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाळीवर गेली.

मला त्या ऋतूतलं सगळ्यात जास्त हेच आठवतं. जायचं पक्कं नव्हतं आणि तयारी चालू होती. पंधरा दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मीठ द्या, दार लावा, मैत्रीला उठवा. पण तिच्या हातात, चालण्यात एक उजेड होता. माझ्यामुळं गेलेली गोष्ट ती गेलेली धरायला तयार नव्हती. पडक्या भिंतीत वेल जशी आपली वाट काढते, तशी ती रोज थोडी थोडी त्या जंगलाकडे सरकत होती. शाळेतला जुना ॲटलास घरी आला. आगुंबे त्यात नव्हतंच. तिनं अंदाजानं एक टिंब काढलं. बोथहून हैद्राबाद, हैद्राबादहून बंगलोर, तिथून शिमोगा, पुढं घाट. मैत्री रोज जेवताना ही गावं पाढ्यासारखी म्हणायची.

मायचा विरोध होता, आणि तो मी दडवलेल्या पत्रापेक्षा अवघड होता. आम्ही दर दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. माझ्या लहानपणी भाकरी बांधून, ट्रकमध्ये उभं राहून जायचो. मायनं एकही दसरा चुकवला नव्हता, आणि सून आल्यापासून सुनेनंही नाही. "दसऱ्याले नागपूर सोडून जंगलात?" माय एकदाच म्हणाली आणि मग बोललीच नाही. तिचं न बोलणं आमच्या घरात भांड्यांच्या आवाजात ऐकू यायचं.

वंदनानं वाद घातला नाही. ती मायला विचारत गेली. माय बेज्जूरकडची, प्राणहितेच्या काठची. तिचं सगळं लहानपण जंगलाच्या कडेला गेलं. "माय, तिकडं जळवा असतात म्हणे, जंगलात. पायाले लागतात."

भांडी थांबली. "किती?"

"ढिगानं, म्हणतात."

"आमच्याकडं धानाच्या बांदीत, चिखलात राह्यत. रोवणा कराले उतरलं का पायाले चिकटत." माय बाहेर आली. "तंबाखूचं पानी लावाव लागते पायाले. अन् मीठ ठेवाव फडक्यात. ओढून काढू नोको, जखम होते. मीठ लावलं का आपोआप सुटते." मग थांबून म्हणाली, "मोजे हायत का तुले?"

"हायत, शाळेचे."

"ते नाई जमत. त्याच्यातून घुसतीन."

दुसऱ्या दिवशी माझं जुनं मांजरपाटाचं धोतर फाडून माय शिवायला बसली. गुडघ्यापर्यंत येणाऱ्या पिशव्या, वर नाडी. आधी एक जोडी शिवली, ती वंदनाला घट्ट झाली. उसवली, पुन्हा शिवली. तीन जोड्या झाल्या. नागपूरचा विषय कुणी काढला नाही. चौथ्या दिवशी सुईत दोरा ओवता ओवता माय माझ्याकडं बघून म्हणाली, "मी चाळीस वर्सं नागपूरले जाऊन राह्यली. पोरी शिकवा, पोरी पुढं काढा, हेच आयकून येतो ना आपुन दरसाली? मंग घरच्या सुनेले जाऊ देल्लं नाई, तं तिथं कोनत्या तोंडानं उभी राहू?" दोरा ओवला गेला. "मैत्रीले घेऊन मी जाईन शेजारच्यायसंग. तू घरी राहा. अन् सैपाक शिकून घे."

मी शिकलो. भाकरी माझ्या हातून कधी गोल झाली नाही. मैत्रीच्या वेण्या मात्र जमल्या. पहिल्या आठवड्यात एक वर, एक खाली असायची, आणि तिच्या मैत्रिणी तिला विचारायच्या, घाईत आली का? पोरगी अभिमानानं सांगायची, "माह्या बाबानं घातल्या."

कागदात कपड्यांचंही लिहिलं होतं. साडी चालणार नाही; सलवार किंवा पँट. लग्नानंतर वंदनानं साडीशिवाय काही नेसलं नव्हतं आणि तेव्हा बोथमध्ये बाया शाळेत शिकवायला साडीतच जात. तिनं शिंप्याकडून एक जाड सलवार शिवून आणली आणि पहिल्यांदा घालून अंगणात आली, तेव्हा काय करावं न कळून हात पोटावर धरून उभी राहिली. मी तिच्याकडं पाहत होतो. बोलायला घाबरत होतो.

मायच बोलली. "याच्यात लाजाचं काय? आमी कासोटा घालून लुगडं नेसो, तं वावराच्या धुऱ्यावरून उडी मारो. मंधातच तुमी शिकल्या अन् पाय बांधून घेतले."

वंदना खळखळून हसली. आणि हसता हसता तिनं माझ्याकडं पाहिलं. पत्रानंतर पहिल्यांदा. मी इतकंच विचारलं, "बूट आणायला जायचं का?"

"चला," ती म्हणाली.

मग आमचा शोध सुरू झाला. कापडी बूट बोथच्या बाजारात तिच्या मापाचे नव्हते. आदिलाबादला मिळाले, शाळेच्या पोरांचं सामान विकणाऱ्या दुकानात. पावसाच्या कोटासाठी खताच्या पोत्याच्या आतलं जाड प्लास्टिक धुऊन घेतलं, आणि मायनं त्याला टोपी लावली. वही प्लास्टिकमध्ये बांधली. शाई पसरते म्हणून सहा पेन्सिली टोक करून ठेवल्या. जवसाची चटणी कुटली गेली. कार्यालयात माझ्या सोबत्यांना नवा विषय मिळाला. "साब, मॅडम रोज पाळीवर चढून राह्यल्या. पोलिसात भरती होतात काय?" आधी मी अशा वेळी फायलीत तोंड घातलं असतं. तेव्हा मी म्हणालो, "नाही. वर्षावनात जाताहेत." आणि मग मला ते काय असतं ते सांगावं लागलं. मला येत नव्हतं. संध्याकाळी मी वंदनाला विचारलं आणि तिनं मला ते दीड पान शिकवलं, सातवीतल्या मुलाला शिकवावं तसं. चाळिशीच्या उंबरठ्यावर मी बायकोचा विद्यार्थी झालो. खरं सांगतो, शिक्षिका म्हणून मी तिला कधी पाहिलंच नव्हतं. ती हातानं झाडांचे मजले दाखवायची. सगळ्यात वर उन्हातली झाडं, खाली सावलीतली, त्याखाली वेली, त्याखाली अंधारातलं शेवाळ. दाखवताना तिचा हात आमच्या स्वयंपाकघराच्या पत्र्याला लागायचा.

भादव्यातल्या एका रविवारी आम्ही चौघं पोचेराच्या धबधब्याला गेलो. सरावाला, असं वंदना म्हणाली. पाणी भरून वाहत होतं, तुषारांनी कडेचे दगड हिरवे झाले होते. माय पुढं चालत होती, काठी आपटत, आणि झाडांची नावं सांगत होती. साग, ऐन, धावडा, तेंदू. वंदना वहीत लिहीत होती. सागाची पानं त्या दिवसांत ताटाएवढी असतात. उन्हाळ्यात हेच रान इतकं उघडं होतं की पलीकडचं गाव दिसतं.

"त्या जंगलात पानं झडतच नाईत, माय," वंदना म्हणाली. "बाराही महिने हिरवं."

माय थांबली. "झडतच नाई?"

"थोडी थोडी झडतात. पन सगळं झाड एकदम उघडं होत नाई."

मायनं एका सागाकडं पाहिलं, वरपासून खालपर्यंत. "मंग झाडाले आराम कवा?"

वंदनाची पेन्सिल थांबली. तिनं प्रश्नच वहीत लिहून घेतला. तिकडं विचारते, म्हणाली.

आणि पक्कं काहीच नव्हतं. भादवा सरत आला. शाळा सुटायला नऊ दिवस राहिले, आठ राहिले. पिशवी भरून खुंटीला टांगलेली होती. मैत्रीनं गावांचा पाढा म्हणणं बंद केलं. एकदा मी वंदनाला म्हणालो, "नाही झालं तर?" म्हणजे मला माफी मागायची होती, ती मी अजून मागितली नव्हती.

ती पेन्सिलींना टोक करत होती, टोक असलेल्यांनाच. "नाई झालं तं दुःख होईन," ती म्हणाली. "लय होईन. पन हे दिवस वाया गेले, असं नाई म्हनू. घरातले सगळे एकाच गोष्टीत कवा होतो आपुन?" मग म्हणाली, "तुमी मायसमोर खरं सांगतलं, तवाच माह्या मनातलं अर्धं गेलं होतं. उरलेलं जाईन हळूहळू."

मी तेव्हा माफी मागितली. नीट, शब्दांत. ती ऐकून घेऊन म्हणाली, "बरं."

सहा दिवस राहिले असताना दुपारी कार्यालयातला फोन वाजला. आदिलाबादहून होता. मी उचलला. तिकडचा आवाज नाव न सांगता म्हणाला, "साब, बेल्लमपल्ली का एक टीचर नहीं जा रहा. पेन से लिख दिया." मी फक्त "साब, साब" म्हणत राहिलो. ते म्हणाले, "आर्डर आता है. इस बार दबाना नहीं," आणि पहिल्यांदा हसले.

मी रजा न टाकता, चपला सरकवून शाळेकडं चालत सुटलो. पळणार होतो, पण बाजारात लोक होते. वंदना सातवीच्या वर्गात होती. मी खिडकीशी उभा राहिलो. तिनं पाहिलं. मी होकाराची मान हलवली. तिनं खडू फळीवर ठेवला, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि पोरांकडं पाठ करून फळ्यासमोर उभी राहिली. वर्गातली पोरं घाबरून माझ्याकडं पाहू लागली. मग ती वळली तेव्हा तिच्या गालांवर खडूची पांढरी बोटं उमटलेली होती.

ती गेली. महामार्गावर हैद्राबादची बस थांबली, पिशवी वर गेली, खिडकीतून तिचा हात दिसला आणि गाडी सुटली. बारा दिवसांनी परत आली, उन्हानं नाही तर ओलाव्यानं फिकी पडलेली, घोट्यांवर जळवांच्या खुणा घेऊन. मायनं आधी पाय पाहिले. "मीठ लावलं होतं ना?" एवढंच विचारलं. आम्ही सगळे तिच्याभोवती बसलो. ती सांगू लागली. पाऊस थांबल्यावरही पानांवरून तासभर दुसरा पाऊस पडत राहतो. दुपारी बाराला वही वाचता येत नाही. एका झाडाच्या मुळ्या तिच्या डोक्यापर्यंत पोचणाऱ्या भिंती होऊन उभ्या होत्या, आणि त्यांच्या आडोशाला ती पावसात उभी राहिली होती. ती खूप वेळ बोलली आणि मग मधेच थांबली. "नाई सांगता येत," म्हणाली. "दाखवाव लागीन."

आज अशा दिवसांत मी अंगणात खुर्ची टाकून बसतो तेव्हा त्या शिबिरापेक्षा मला त्याच्या आधीचे दिवस आठवतात. मैत्री आता दूर नोकरीला आहे आणि तिचं निघणं दोन तासांत होतं. तिला आमच्या दीड महिन्याच्या बांधाबांधीचं हसू येतं. पण त्या दीड महिन्यात मी माझ्याच घरात राहायला आलो, असं मला वाटतं. त्याआधी मी तिथं नुसता जेवायचो आणि झोपायचो.

दाखवाव लागीन, हे वंदनानं पुढच्याच दसऱ्यानंतर खरं केलं. नागपूर करून आम्ही चौघं निघालो. मायला तीन दिवसांचा प्रवास झेपेल का, याची मला काळजी. मायला काळजी की तिकडं भाकर मिळेल का. आगुंब्याला पोचलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. वंदना पुढं होती, वाट दाखवत, एखाद्या पाहुण्याला आपल्या घरात नेतात तशी. आत शिरलो आणि आम्ही सगळे हळू बोलू लागलो, कुणी न सांगता. माय एका झाडाशी थांबली, पुढच्या झाडाशी थांबली. एकाही झाडाचं नाव तिला येत नव्हतं. साठी ओलांडलेली बाई, पहिल्यांदाच जंगलात नुसती पाहत चालली होती.

दोन तासांनी बाहेर, डांबरी रस्त्यावर आलो. ऊन पडलं होतं. माय मागं होती, ती आमच्या पुढं निघाली आणि थोडं गेल्यावर थांबून आपल्या दोन्ही हातांकडं पाहू लागली. मला वाटलं काही टोचलं. जवळ गेलो.

"काय झालं, माय?"

"काई नाई." तिनं हात उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले. "जंगलातून मी कदी खाली हातानं आली नाई रे. लाकडं राह्यत, मोहफुलं राह्यत, तेंदूचे पत्ते राह्यत. लेकरू होती तवापासून, काई ना काई डोक्यावर घेऊनच बाहीर निंगो." ती हसली. "आज काईच नाई."

आणि ती पुढं चालू लागली. डोक्यावरचा पदर खांद्यावर पडला होता, तो तिनं सावरला नाही. उतारावरच्या त्या रिकाम्या रस्त्यावरून माझी माय दोन्ही हात हलवत, शाळा सुटलेल्या पोरीसारखी चालत होती, आणि आम्हाला तिला गाठायला पाय उचलावे लागले.